एक फेरी पन्नास मीटरची

पंचवीस मीटरच्या टँकमध्ये जी बाई चाळीस फेऱ्या मारते, तिला पन्नास मीटरच्या टँकमध्ये वीस फेऱ्या मारायला काय जड जावे? अंतर तेच, एक किलोमीटर. पाणी तेच, हातपायही तेच. कागदावर हा हिशेब अगदी बरोबर सुटतो. पाण्यात मात्र सुटत नाही. तो का सुटत नाही हे कळायला आणि अंगवळणी पडायला मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांबद्दल लिहिण्याचे कारण एवढेच, की आमच्या बायकांच्या बॅचमधल्या निम्म्या जणी पहिल्या आठवड्यातच घरी बसल्या आणि बॅचच बंद पडायची वेळ आली होती.

माझे माहेर दापोली तालुक्यात, खाडीच्या काठावर. घरातले पुरुष जहाजावर नोकरीला. अब्बा सात-सात महिने समुद्रात असायचे. भरती-ओहोटीची वेळ आम्हा पोरींना घड्याळाइतकी पाठ. पण आमचे पाण्याशी नाते गुडघ्यापर्यंतचे. ओहोटीला कालवे काढायला जायचे, सलवार वर खोचायची आणि पाणी चढू लागले की परत यायचे. भाऊ पुलावरून उड्या मारत. आम्हाला कोणी ‘पोहू नका’ असे म्हटल्याचे आठवत नाही. पोहण्याचा प्रश्नच कधी निघाला नाही. अम्मी आजही म्हणते, "घरात खलाशी चार, आणि बायकांपैकी एकीलाही तरंगता येत नाही."

लग्नानंतर पुण्यात आले. चाळिशी उलटली आणि गुडघे बोलू लागले. नमाजमध्ये सजद्यातून उठताना हाताचा आधार लागायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितले. पाण्यात शरीराचे वजन गुडघ्यांवर येत नाही आणि व्यायाम मात्र पुरेपूर होतो, हे त्यामागचे साधे कारण. घराजवळच्या छोट्या टँकवर फक्त बायकांची बॅच होती; शिकवणारी बाई, जीवरक्षकही बाई. एक्केचाळिसाव्या वर्षी मी तिथे पाण्यात तोंड घालायला शिकले आणि तीन वर्षांत चाळीस फेऱ्यांपर्यंत आले. मग तो टँक दुरुस्तीसाठी बंद झाला. बायकांची दुसरी बॅच मिळाली ती पन्नास मीटरच्या टँकवर, आठवड्यातून तीन दुपारी. अट एकच: निदान पंधरा जणी असतील तरच बॅच चालेल. आम्ही अठरा जणी गेलो. दुसऱ्या आठवड्यात नऊ उरलो.

ज्यांनी असा टँक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यती होतात तो तलाव पन्नास मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद असतो. पुण्यातल्या वाचक भगिनींनी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात या लांबीचा तलाव पाहिला असेल. म्हणजे आमचा जुना टँक जेवढा लांब होता, तेवढा हा नुसता रुंदच. आणि खोली अशी, की मधोमध पाय टेकत नाहीत. जुन्या टँकमध्ये पाणी कुठेही गळ्याच्या वर जात नव्हते. दम लागला की उभे राहायचे, गॉगल नीट करायचा, पुढे निघायचे. इथे ती सोय नाही.

आता हिशेबाचे. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आपण भिंतीला पाय लावून अंग पुढे लोटतो. माझ्यासारखी साधी पोहणारी त्या एका धक्क्यावर चार मीटर तरी हात न हलवता सरकते. चाळीस फेऱ्यांत असे चाळीस धक्के, म्हणजे १६० मीटर भिंतीने दिलेले. पन्नास मीटरच्या टँकमध्ये धक्के वीसच, म्हणजे ८० मीटर. उरलेले ८० मीटर हातांनीच कापायचे. जुन्या टँकमध्ये एका फेरीला माझे हात चोवीस वेळा फिरत. लांब टँकमध्ये ते अठ्ठेचाळीस वेळा फिरायला हवेत असे वाटते, पण मोजले तर पंचावन्न भरत. शिवाय भिंत नुसते अंतर देत नाही. तिथे हातांना दोन-तीन सेकंद विसावा मिळतो, एक मोठा श्वास घेता येतो आणि ‘आलो बाई’ असे मनाला वाटते. हे सगळे एकदम निम्मे होते.

हे काही आमच्यासारख्या मधल्या वयातल्या बायकांपुरते नाही. जगातल्या उत्तमातल्या उत्तम पोहणाऱ्यालाही भिंत मदत करते. म्हणूनच छोट्या आणि लांब तलावांचे जागतिक विक्रम वेगवेगळे नोंदवले जातात. पुरुषांच्या १५०० मीटरचेच पाहा. लांब तलावात अमेरिकेच्या बॉबी फिंकेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १४ मिनिटे ३०.६७ सेकंद अशी विक्रमी वेळ दिली. छोट्या तलावात जर्मनीच्या फ्लोरियन वेलब्रॉकने २०२१ साली अबू धाबीत तेच अंतर १४ मिनिटे ६.८८ सेकंदांत कापले. फरक जवळजवळ २४ सेकंदांचा. छोट्या तलावात या शर्यतीत ५९ वेळा भिंतीवरून वळायचे असते, लांब तलावात २९ वेळा. हे आकडे मी बॅचमधल्या बायकांना सांगितले तेव्हा एक जण हसून म्हणाली, "म्हणजे त्यांनाही भिंत लागते तर!" तिच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच निम्मा उतरला.

कारण घरी बसलेल्या प्रत्येकीने स्वतःची अशी समजूत करून घेतली होती, की आपल्यातच काही कमी आहे. कोणी म्हणे वय झाले, कोणी म्हणे वजन, कोणी म्हणे इतकी वर्षे शिकलो ते सगळे वाया. एकीचा नवरा म्हणाला होता, "झाले ना शौक पुरे?" ती नंतर फोनही उचलेना. खरी गोष्ट इतकीच होती, की भिंत दूर गेली होती. पण कारण माहीत नसले की माणूस स्वतःलाच दोष देतो, आणि बायका तर फार लवकर देतात.

दमण्यापेक्षा अवघड होती ती मधली जागा. पंचवीस मीटर झाले की अंगाला सवयीने भिंत हवी असते. ती येत नाही. मागची भिंत जेवढी लांब, तेवढीच पुढची. खाली निळी फरशी दूर गेलेली. त्या जागी माझी छाती भरून यायची आणि श्वास कोंडायचा. भिंत कुठे आहे हे पाहायला मान वर जायची. मान वर गेली की कंबर खाली जाते, पाय बुडतात आणि पाणी आणखी जड होते. पाणी जड झाले की भीती वाढते. मग शेवटचे वीस मीटर म्हणजे पोहणे नव्हे, नुसती झटापट.

आमच्या कोच मॅडम वयाने माझ्याहून लहान. त्या मला आपा म्हणतात, मी त्यांना मॅडम. त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच धरून ठेवले होते. "आपा, ताकद कमी पडत नाहीये. श्वास सोडला जात नाहीये." त्याचे कारणही त्यांनी समजावले. दम कोंडल्यासारखा वाटतो तो बहुतेक वेळा हवा कमी पडल्याने नव्हे, तर आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर न पडल्याने. छोट्या टँकमध्ये आपण अर्धा श्वास आत धरून पोहलो तरी चालून जाते, कारण थोड्या वेळात भिंत येते आणि तिथे तो सुटतो. लांब टँकमध्ये ती उधारी साठत जाते आणि मधोमध वसूल होते. म्हणून तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहायचे, थेट रिकामे होईपर्यंत. मग तोंड बाहेर आले की श्वास आपोआप आत येतो. ओढावा लागत नाही.

दुसरे, मधल्या जागेची ओळख. मॅडमनी आम्हा उरलेल्या नऊ जणींना कडेच्या लेनमध्ये घेतले, जिथे हात लांब केला की बाजूची कड सापडते. लेनच्या दोरीवरच्या तरंगत्या मण्यांचा रंग पंचवीस मीटरवर बदलतो. तो रंग आला की थांबायचे, असा नियम केला. कड धरायची नाही. उताणे व्हायचे, कान पाण्यात, नजर छताकडे, आणि वीस श्वास मोजायचे. मग थोडे उभे पोहायचे, पायांनी पाणी ढवळत, हात दोन्ही बाजूंना पसरून. मग पुढे. वर जीवरक्षक ताई आमच्यावरच डोळा ठेवून उभी असायची. पहिल्या दिवशी वीस श्वास मी कसेबसे पुरे केले. तिसऱ्या आठवड्यात त्या जागी पडून राहायला बरे वाटू लागले. जिथे थांबता येते अशी खात्री झाली, तिथे थांबायची गरज उरत नाही. महिन्याभराने मी तो रंग ओलांडून गेले, आणि ते कळले पलीकडची भिंत हाताला लागल्यावर.

तिसरे, वेग. पहिले पंचवीस मीटर इतके सावकाश, की बाजूला मैत्रीण असती तर बोलता आले असते. छोट्या टँकमधला वेग लांब टँकमध्ये टिकत नाही, म्हणून सुरुवातच कमी करायची आणि दुसऱ्या अर्ध्यात तीच चाल ठेवायची. आधी पन्नास मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकीनंतर पाऊण मिनिट विश्रांती. मग सहा, मग आठ. मग दोन फेऱ्या जोडून शंभर मीटर. एकदम वीस फेऱ्यांचा विषय मॅडमनी तीन महिने काढलाच नाही.

एक गोष्ट आपल्या बायकांसाठी खास सांगण्यासारखी. पोशाख. छोट्या टँकमध्ये मी सैल कुर्ता आणि पायघोळ लेगिंग घालत असे. बॅच बायकांची असली तरी अंगभर कपड्यांतच मला मोकळे वाटते. पण सैल कुर्त्यात पाणी भरते आणि तो पतंगासारखा फुगून मागे ओढतो. भिंतीच्या धक्क्यावर चार मीटर सरकताना ते जाणवत नसे. पंचावन्न वेळा हात मारताना प्रत्येक वेळी जाणवते. सुती कपडा तर पाणी पिऊन जड होतो. ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झानेटी यांनी या शतकाच्या सुरुवातीला बुर्किनी तयार केली, तिच्यामागे हाच विचार होता: अंग झाकलेले हवे आणि हालचाल मोकळी हवी. तशा पोशाखात कापड पाणी न धरणारे असते, आणि वरचा भाग वर सरकू नये म्हणून आतून बंद असतो. आम्ही असे कापड आणून ओळखीच्या शिंपीणबाईंकडून शिवून घेतले. कुर्त्याची लांबी मांडीपर्यंत, घेर कमी, आतून दोन बंद, डोक्याला घट्ट टोपी. एवढ्यावर प्रत्येक फेरीतले माझे तीन-चार हात वाचले.

मध्ये रमजान आला. त्या महिन्यात मी टँक बंद ठेवला. पोहताना पाणी घशाखाली जाण्याची भीती असते आणि रोजा पणाला लावून पोहण्यात मला अर्थ वाटला नाही. ईदनंतर परत गेले तेव्हा आठ फेऱ्यांवरून चारवर आले होते. पण दहा-बारा दिवसांत पुन्हा आठ झाल्या. श्वास सोडण्याची सवय एकदा अंगात मुरली की महिन्याभराच्या खंडाने जात नाही. दम तेवढा कमी होतो, तो परत येतो.

फेऱ्या मोजण्याचीही एक गंमत झाली. छोट्या टँकमध्ये मी आकडे मोजत असे, आणि मधेच घरातल्या किराण्याचा विचार आला की आकडा चुके. लांब टँकमध्ये फेरी मोठी, तेव्हा मी हातांच्या लयीवर मनात तस्बीह म्हणू लागले. एका श्वासाला एक. मुलाला अरबी शिकवणाऱ्या उस्तादांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, अरबीत पोहण्याला ‘सिबाहा’ म्हणतात, आणि ‘तस्बीह’ही त्याच सीन-बा-हा या मूळ अक्षरांतून येते. कुरआनात सूर्य-चंद्र आपापल्या कक्षेत फिरतात असे जिथे म्हटले आहे, तिथेही पोहण्याचाच शब्द आहे. त्यांनी एका हदीसचीही आठवण करून दिली, जी इमाम नसाईंच्या संग्रहात आहे. ज्या खेळ-करमणुकीला व्यर्थ म्हणू नये अशा चार गोष्टी तिच्यात सांगितल्या आहेत: नेमबाजीचा सराव, घोडा तयार करणे, घरच्या माणसांशी खेळणे आणि पोहणे शिकणे. उस्ताद म्हणाले, "बाजी, शब्द शिकण्याचा आहे. वयाची अट कुठे दिसत नाही."

ही गोष्ट घेऊन मी घरी बसलेल्यांपैकी एकेकीकडे गेले. फोनवर नाही, घरी जाऊन. ट्युनिशियाच्या उसामा मेल्लूलीची गोष्टही सांगितली. त्याने २००८ मध्ये बीजिंगच्या तलावात १५०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले आणि २०१२ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधल्या तळ्यात दहा किलोमीटरचे. त्या तळ्यात पाय लावून वळायला भिंत नाही. तलाव आणि मोकळे पाणी अशा दोन्हीकडे ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा तो पहिला. एकीने चहा ओतत विचारले, "आपल्याला कुठे पदक आणायचे आहे?" मी म्हटले, "नाही आणायचे. पण बॅच वाचवायची आहे. आज आपण पंधरा झालो नाही, तर उद्या तुझ्या-माझ्या मुली कुठे शिकणार?" यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे.

पाच जणी परत आल्या. त्यांच्याबरोबर दोन नव्या आल्या, ज्यांनी छोटा टँक पाहिलाच नव्हता. गंमत म्हणजे त्या दोघींना लांबी जाणवली नाही. त्यांच्यासाठी टँक म्हणजे हाच. बॅच सोळा जणींची झाली. आमच्यात सर्वांत मोठ्या, बासष्ट वर्षांच्या, ज्यांना आम्ही सगळ्या खाला म्हणतो, त्यांनी चौथ्या महिन्यात पहिली पूर्ण फेरी मारली. मधे दोनदा उताण्या होऊन थांबल्या. पलीकडे पोहोचल्यावर त्यांनी कड धरली, चष्म्याविना डोळे बारीक करून आपण कुठून आलो ते पाहिले आणि म्हणाल्या, "या अल्लाह, एवढे मी आले?" मग नातवाला सांगण्यासाठी किती मीटर ते दोनदा विचारून घेतले.

पाचव्या महिन्यात माझ्या वीस फेऱ्या सलग पुऱ्या झाल्या. जुन्या टँकमध्ये किलोमीटरला चौतीस मिनिटे लागत. इथे सदतीस लागली. ती तीन मिनिटे मला कमी करायची घाई नाही. गुडघ्यांना वेळेशी देणे-घेणे नसते, आणि सजद्यातून आता मी हाताचा आधार न घेता उठते, अल्हम्दुलिल्लाह.

ज्या भगिनी छोट्या टँकवरून लांब टँकवर जाणार असतील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पहिला महिना अंतर मोजू नका, श्वास मोजा. कडेची लेन मागून घ्या, लाजू नका. उताणे तरंगणे आणि उभे पोहणे आधी पक्के करा. पाय न टेकणाऱ्या पाण्यात जाण्याची खरी परवानगी हीच दोन कौशल्ये देतात. जीवरक्षक नसेल तर पाण्यात उतरू नका, कितीही पोहता येत असले तरी. कपडा पाणी न धरणारा शिवा. आणि शक्य तर एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा. एकीचा धीर सुटला की दुसरी असते.

या मे महिन्यात मी माहेरी जाणार आहे. खाडीत उतरण्याचा विचार नाही. भरती-ओहोटीचे पाणी म्हणजे टँक नव्हे, तिथला ओढा वेगळा. पण तालुक्याच्या ठिकाणी मुलींसाठी कुठे शिकायची सोय होऊ शकेल का, याची चौकशी करणार आहे. भाचीने आत्ताच विचारले आहे, "फूफी, मला किती दिवसांत येईल?" तिला सांगितले, तरंगायला आठ दिवस. बाकीचे इन्शाअल्लाह हळूहळू.